एक जास्तीचा

आमच्याकडे कबरी सप्टेंबरातच खणून ठेवतात.
नंतर जमिनीचं लोखंड होतं,
कुदळ मारली तर नुसती ठिणगी,
आणि मरण काही जूनपर्यंत थांबत नाही.
म्हणून शेवटचं जहाज येण्याआधी
पाच-सहा पुरुष टेकडीवर जातात,
अंदाज बांधतात: यंदा किती?
नावं कुणी घेत नाही.
नजर मात्र एकेका धुराड्यावरून फिरून येते.

त्या वर्षी हेन्द्रिक म्हणाला, दोन पुरेत.
तू म्हणालास, तीन.
एक जास्तीचा असू दे, रिकामा राहिला तर बर्फ निजेल त्यात.
आणि माप बघायला तू स्वतःच आडवा झालास, एनोक,
बुटांसकट, ओठांत सिगारेट,
आतून ओरडलास, "अरे, कोपर लागतंय इथे!"
सगळे हसले.
मीही हसले, थर्मासचं झाकण हातात धरून.

फेब्रुवारीत कुत्र्यांसाठी हॅलिबट तोडता तोडता
तू शेडमध्ये गुडघ्यांवर बसलास
आणि उठलाच नाहीस.
सुरी हातातच होती.
कुत्री अजून आशेने बघत होती.

दोन खड्डे आधीच भरले होते.
एकात म्हातारी योहाने,
दुसऱ्यात आमालीचं आठ दिवसांचं बाळ,
एवढ्या मोठ्या जागेत एवढीशी पेटी.
उरलेला तुझा.

मला राग आला. फक्त तुझाच नाही.
सालोमिने आमच्या वस्तीची शाळाही चालवते, प्रार्थनाही.
ती वाचत होती, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही.
मी छताला टांगलेलं लाकडी जहाज बघत होते,
वारा नसताना हलणारं.

नंतर घरी कॉफी, पाच प्रकारचे केक.
तुझ्या खुर्चीवर कुणी बसेना.
हेन्द्रिक, जो चर्चमध्ये येतो नाताळाला आणि मयताला,
केक कॉफीत बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बोलेटे, आधी एकजण उतरलाय ना त्यात.
तिसऱ्या दिवशी निघाला.
खड्डा त्याला तोकडा पडला, एवढंच मला कळतं."
मग म्हणाला, केकला साखर कमी झालीय.

ओला हातमोजा अंगाशी धरून वाळवावा
तसं ते वाक्य मी धरून आहे.
रोज रात्री वाळतंच असं नाही.
कधी पलंग नुसता अर्धा असतो,
आमेनपर्यंत जाते आणि आमेनही पोकळ वाजतं.
मग स्टोव्ह कुरकुरतो, बाहेर कुत्री कूस बदलतात,
आणि मनात येतं:
कोण येणार हे माहीत नसताना
तू एकाची जागा जास्तीची धरलीस.
हे तू कुठून शिकलास?
तुझ्याहीसाठी कुणी मोजताना
एक जास्तीचा धरलाच असेल,
आणि तो खड्डा नसेल.

सूर्य परतला त्या दिवशी सगळी वस्ती टेकडीवर गेली.
मी गेले नाही.
तोच खिडकीतून आला,
टेबलावर सरकत तुझ्या कपापर्यंत,
थोडा वेळ थांबला.

उन्हाळ्यात तुझा क्रूस पांढरा रंगवला.
डेन्मार्कहून आलेली प्लास्टिकची फुलं लावली.
डासांनी मान फोडून काढली,
रडायलाही सवड दिली नाही.

आता पुन्हा सप्टेंबर.
खाडीत हिमनग तेच, की दुसरे, कोण सांगणार.
हेन्द्रिकचे गुडघे गेले, त्याचा नातू मालिक खणतो.
मी थर्मास घेऊन वर गेले.
"किती?"
"तीन."
"चार कर," मी म्हणाले, "एक जास्तीचा असू दे."
पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

मी वाकून आत पाहिलं.
दोऱ्यासारखी मुळं, दगड, ओला वास.
भीती वाटली नाही असं नाही म्हणणार,
वाटली, थोडी.
त्याला कॉफी ओतून दिली आणि सांगितलं,
"जरा रुंद घे रे.
उठताना कोपर लागायला नको."